कुसुम कुणाकडे बघते आहे

अशोकचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळच्या पारी त्याचा फोन म्हणजे एकतर उसाला तोड आली, नाहीतर म्हैस व्याली, यापलीकडे बातमी नसते. म्हणून मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि हात चालूच ठेवले. तो म्हणाला, "नंदाक्का, आई गेली." मग त्यानेच सांगितलं, की चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकली ती टेकलीच. मी काय विचारावं? "कप फुटला का रे?" असं विचारलं. तोही बिचारा म्हणाला, न्हाई, कप चांगला हाय. अशा वेळी माणसं असंच काहीतरी बोलून जातात आणि मग त्याची लाज वाटत राहते. मला अजून वाटते.

सोनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर आमचं, कोल्हारचं. दिली होती देवळाली प्रवऱ्याला, कालव्याच्या पाटाच्या अगदी कडेच्या वस्तीवर. अशोक तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. आत्या नव्वदीला टेकली होती. दहाव्याला नदीवर जमलेले लोक एकमेकांना सांगत होते, की सोनं झालं, हातीपायी धड गेली, कुणाला काही करावं लागलं नाही. असलं समाधान ऐकलं की माझं डोकं फिरतं. जाणारं माणूस मनात काय घेऊन गेलं, हे कुणी विचारत नाही. आत्या एक प्रश्न घेऊन गेली. तो तिने गावात ज्याला त्याला विचारला होता, आणि मला तर इतक्यांदा, की तिच्याकडे जाताना मी वाटेतच उत्तराची तयारी करायचे आणि दर वेळी नापास होऊन परतायचे. माझी सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत गेली. गाडी आली का, गेली का, कुठे लागणार... असल्या प्रश्नांना मी मान वर न करता उत्तरं दिली आहेत. या एका बाईच्या एका प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तो प्रश्न कळायला एका चित्रपटाची गोष्ट सांगायला हवी. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही हा लेख अर्धा टाकून मोबाईलवर गाणं शोधायला जाल, आणि मला ते इतक्यात नको आहे. एवढंच सांगते, की तुमच्या आईवडिलांनी तो बघितलेला असणार, आणि त्यातलं पाटावरचं गाणं लग्नातल्या बँडवाल्यांना अजून वाजवता येतं. जुना, काळापांढरा, एका गाण्यातून उठून दुसऱ्या गाण्यात बसणारा चित्रपट. त्या पाटावरच्या गाण्याचं शूटिंग आत्याच्या वस्तीसमोर झालं. मी तिसरीची परीक्षा देऊन सुट्टीला तिच्याकडे गेले होते.

खरं तर कंपनी आली होती नदीसाठी. कुणीतरी मुंबईत बसून त्यांना सांगितलं होतं, की प्रवरा बारमाही वाहते. वैशाखात येऊन बघतात तर नदीत वाळू आणि वाळूत गाढवं. डायरेक्टर कोल्हारच्या पुलावर डोक्याला हात लावून बसला होता, असं माझे वडील रंगवून सांगायचे. मग कुणीतरी त्याला शहाणपण शिकवलं, की आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी नदीत नसतं, पाटात असतं, तेही सरकारने आवर्तन सोडलं तर. सध्या सोडलंय, देवळालीकडे जाऊन बघा. कंपनीचे टेम्पो तिकडे वळले. नायिका उतरली कारखान्याच्या गेस्ट हाउसात, बाकीची मंडळी शाळेत. नायिकेच्या मैत्रिणींचं काम करायला ज्या पोरी यायच्या होत्या त्यांची गाडी घाटात बंद पडली, म्हणून गावातल्याच पोरी घ्यायचं ठरलं. नाच बसवणारे मास्तर, गळ्याला रुमाल बांधलेले, गल्लीतून फिरून बाजारात वांगी निवडावीत तशा पोरी निवडत होते. त्यांनी आत्याची कुसुम निवडली. कुसुम माझा हात सोडेना, म्हणून मलाही घेतलं. वांग्यावर कोथिंबीर फुकट मिळते तशी मी गेले.

कुसुम माझ्याहून थोडी मोठी. भुवईत खोक पडल्याची खूण, पुढचा दात अर्धा. कुणाचंही सारवलेलं अंगण दिसलं की हिने तिथे फुगडी मांडलीच. अशी धीट पोरगी, पण आईवेडी. आत्या विहिरीवर जरी गेली तरी ही मधूनच हाक मारून ती तिथे आहे ना याची खात्री करून घ्यायची, आणि मगच खेळाला लागायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, चिडवायचे, की हिच्या नवऱ्याला सासू सांभाळायला लागणार.

गाणं आधीच मुंबईत भरून आणलेलं होतं. पाटाच्या भरावावर एक यंत्र ठेवलं होतं आणि त्याला कर्णा जोडला होता. ज्या वेळी जे कडवं घ्यायचं तेवढंच त्यातून वाजायचं, पुन्हा पुन्हा, गुरंसुद्धा माना वर करून ऐकायची. नायिकेची पहिल्या कडव्यातली साडी कुठेतरी राहून गेली होती, म्हणून शूटिंग तिसऱ्या कडव्यापासून सुरू झालं. त्याचा परिणाम असा, की आमच्या वस्तीवर ते गाणं तिसऱ्या कडव्यापासून पाठ झालं, आणि आजही तिथल्या लग्नात बायका ते तिसऱ्यापासूनच उचलतात. बाहेरून आलेल्या सुना हसतात, पण म्हणायला लागल्या की त्याही तिथूनच लागतात. नायिकेला डोक्यावर घागर पेलत नव्हती. घागर रिकामी होती, तरी पेलेना. एक बाई तिच्या मागे वाकून चालायची आणि घागर कलंडली की झेलायची. पाटाचं पाणी गढूळ होतं. कॅमेरामन म्हणाला, काळ्यापांढऱ्यात गढूळ आणि नितळ सारखंच. आम्हाला डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी परकर-पोलकी दिली होती, ढगळ, पाठीवर पिना लावून आवळलेली. आणि मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं करून एक दम भरला होता. कॅमेऱ्यात बघायचं नाही. "जी पोरगी आत बघेल," मास्तर म्हणाले होते, "ती आतच राहील." पोरींना धाकात ठेवायला मोठी माणसं बागुलबुवा सांगतात, त्यातलाच प्रकार. आम्ही घाबरलो, आणि हसलोही.

आत्या ह्या सगळ्यात नव्हती, कारण कंपनीचा आचारी भांडून निघून गेला होता आणि भाकरी करायचं काम वस्तीवरच्या बायकांकडे आलं होतं. सबंध शूटिंगभर ती चुलीपुढे. शेवटच्या दिवशी कुसुमने तिला बजावलं, की आज तरी मला बघायला यायचंच. आत्या म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. शेवटचा तवा उतरिते आन् आलेच."

दुपार कलली तेव्हा पाटकरी, म्हणजे पाटाच्या पाण्यावरचा सरकारी राखणदार, सायकलवरून आला आणि वरचं दार पाडलंय, आता पाणी उतरणार, असं सांगून निघाला. डायरेक्टर त्याच्यामागे धावला. थोडं थांबवा म्हणाला. पाटकरी सायकलवरून उतरलासुद्धा नाही. पाणी गाण्यासाठी सोडलेलं नव्हतं, लोकांचं भरणं झालं, दार पडलं, एवढं बोलून गेला. मग एकच धांदल, कारण तिसऱ्या कडव्यातली गिरकी अजून घ्यायची राहिली होती. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे खाली आलेला, आमच्या डोळ्यांत ऊन. भरावावर आम्ही ओळीने उभ्या, पुढे नायिका. तिने गिरकी घेतली की सगळ्यांनी तिच्याकडे बघून टाळी द्यायची. कर्णा सुरू झाला. नायिकेने गिरकी घेतली, आणि कुसुमने टाळी द्यायच्या ऐवजी माझा कोपर घट्ट धरला आणि समोर, कॅमेऱ्याला लागून जमलेल्या गर्दीत, आई हुडकायला लागली. मास्तर ओरडले. सगळं पुन्हा मांडायला थोडा वेळ गेला, आणि त्या वेळात आत्या आली. डोक्यावरची भाकरीची पाटी न उतरवता तशीच कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि पोरीला दिसावं म्हणून तिने एक हात वर केला. कर्णा पुन्हा सुरू झाला. कुसुमने पुन्हा माझा कोपर धरला आणि पुन्हा तिकडेच बघितलं. तिसऱ्यांदा घ्यायला ना ऊन उरलं ना पाणी. डायरेक्टर म्हणाला, दोन्हींतलं जे बरं असेल ते लावू. आमच्या अंगावरचे कपडे काढून घेतले, आणि कंपनी निघून गेली.

त्याच पावसाळ्यात कुसुम गेली. तापाने. आत्या तेव्हा आमच्याकडे कोल्हारला होती, माझ्या आईच्या बाळंतपणाला. कुसुमचा ताप चढला तसा मामांनी एका माणसाबरोबर निरोप धाडला. त्या दिवशी कोल्हारचा बाजार होता. त्याने आधी बाजार केला, बियाणं घेतलं, ओळखीच्यांना भेटला, आणि मग आमच्या दारात आला. वाईट माणूस नव्हता. पोरांना ताप येतो आणि उतरतो, एवढाच त्याने विचार केला. आत्या देवळालीला पोचली तेव्हा अंगणात बायका बसलेल्या होत्या, आणि त्यातली एक शेजारीण, धीर द्यायचा म्हणून, बोलून गेली, "शेवटपत्तूर दाराकडं बघत हुती गं. आई आली का म्हनून." तिला वाटलं असेल, आईला बरं वाटेल. काही माणसांनी मयताच्या घरी जाऊच नये.

घरात कुसुमचा एकही फोटो नव्हता. तिचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. काही महिन्यांनी आत्याला तिचा चेहरा नीट आठवेना, भुवईतली खूण डावीकडे होती की उजवीकडे यावरून ती आणि मामा भांडले, असं मी माझ्या आईकडून ऐकलं आहे. आणि पुढच्या उन्हाळ्यात राहुरीला तो चित्रपट लागला.

गाव बैलगाड्या भरभरून गेलं. मीही होते. आपली शाळा, आपला पाट, आपली गुरं पडद्यावर आली की लोक ओरडायचे, शिट्ट्या मारायचे. पाटावरचं गाणं सुरू झालं तशी आमच्या रांगेतली बडबड थांबली. तिसरं कडवं आलं. नायिकेने गिरकी घेतली, आणि तिच्या मागे, ओळीच्या कडेला, कुसुम. डोळे मोठे केलेली, तोंड किंचित उघडं, अर्धा दात दिसतोय... आणि बघते आहे थेट आपल्याकडे. चित्रपटात सगळे इकडेतिकडे बघत असतात, आपल्याकडे कुणी बघत नाही; ही बघते. पापणी लवेपर्यंतच, लगेच नायिकेचा चेहरा येतो. आमच्या मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, की मेलेलं लेकरू असं हलताना बघू नये, चला उठा. कुणी उठलं नाही. मी त्या चित्रपटात आहे. म्हणजे माझा कोपर आहे, कुसुमची बोटं रुतलेला. बाकीची मी चौकटीबाहेर.

परत वस्तीवर उतरल्यावर आत्याने मला बाजूला घेतलं. "नंदे, तू तिच्या शेजारी हुतीस," ती म्हणाली. "ती हुडकती हाय, का घावले मी तिला?"

हाच तो प्रश्न. चित्रपटात लावलेली नजर पहिल्या वेळची, की दुसऱ्या वेळची. पहिल्या वेळी समोर आई नव्हती, दुसऱ्या वेळी होती. चेहऱ्यावरून कळत नाही. ना हसली आहे, ना रडवेली आहे, नुसते डोळे मोठे. पहिली वेळ असेल, तर पोरगी दारातही आईला हुडकत गेली आणि पडद्यावरही कायमची हुडकतच राहिली. दुसरी असेल, तर निदान एका ठिकाणी तरी आई तिच्या समोर उभी आहे. आत्याला तेवढंच हवं होतं. मला काहीच सांगता आलं नाही, कारण मी कुसुमकडे बघत नव्हते. मी शहाण्यासारखी नायिकेकडे बघून टाळी देत होते.

त्यानंतर आत्या त्या चित्रपटाच्या मागे लागली. आमच्या भागात तेव्हा जत्रांमधून तंबूतले सिनेमे यायचे. कोल्हारला भगवतीची जत्रा, राहात्याचा बाजार, कुठेही तो चित्रपट लागला असं कळलं की आत्या भाकरी बांधून निघायची. मामा आधी रागावले, मग रडले, मग गप्प बसले. तंबूत पडदा मधोमध असायचा आणि गर्दी झाली की लोक मागच्या बाजूलाही बसायचे. तिकडून सगळं उलटं दिसतं, डावं उजवीकडे जातं. आत्या एकदा मुद्दाम त्या बाजूला बसली. उलटीकडून तरी काही कळतंय का बघितलं, असं मला तिने सांगितलं. प्रिंट जुनी होत गेली, पावसासारख्या रेघा पडायला लागल्या, कुसुमच्या गालावरून एक रेघ कायमची गेली. आत्या त्या रेघेलाही सरावली.

अशोक कुसुमनंतर बऱ्याच वर्षांनी झाला. त्याची बहीण म्हणजे पडद्यावरची. लहानपणी तो आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायचा, पण मिसरूड फुटल्यावर त्याला हे सगळं असह्य झालं. एकदा माझ्यासमोर म्हणाला, "आई, मी जित्ता हाय की. माझ्याकडं बघ." आत्या बघत राहिली त्याच्याकडे. मग उठून तिने त्याच्या डोक्याला तेल लावलं. एवढा थोराड पोरगा, मुकाट्याने बसून राहिला. त्यानंतर तोच तिला मोटरसायकलवर बसवून जत्रेला न्यायला लागला.

मास्तरांना गाठायला तिला पुण्याला नेलं तेही अशोकनेच. पत्ता विचारत विचारत गेले. मास्तर एका खोलीत एकटेच राहत होते, थकलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्यांनी आयुष्यात इतकी गाणी बसवली होती, की देवळालीचा पाट त्यांना आठवेना. आत्याने सगळी हकीकत सांगितली, पोरगी गेल्याचंही सांगितलं. मास्तरांना एकच आठवलं. "मी पोरांना सांगायचो, जो आत बघेल तो आतच राहील," ते म्हणाले. "सगळ्यांनाच सांगायचो हो, बाई." मग एकदम म्हणाले, की दुसरीच वेळ लावली होती, त्यांना नक्की आठवतंय. आत्याने त्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर अशोकला म्हणाली, की देवमाणूस आहे, खोटं बोलला. फार लवकर बोलला म्हणून तिने ओळखलं.

मला पुष्कळदा वाटायचं, आपणही सांगून टाकावं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघायची की मी उठून चहा टाकायला जायचे. आणि खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा. मी जिवंत होते, चौकशीच्या खिडकीतून सुटून बस बदलत तिच्यासाठी लाडू घेऊन जात होते, आणि ती माझ्यात कुसुमचं वाढलेलं वय बघत होती. माझं लग्न झालं तेव्हा म्हणाली, आत्ता कुसुमचं झालं असतं. माझे केस पिकले तेव्हा डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, तिचेही पिकले असते. एका नऊ वर्षांच्या पोरीच्या शेजारी मी साठ वर्षं उभी आहे. अजूनही पाटाला पाणी सुटलं आणि मी वस्तीवर असले, की मला पाण्याच्या आवाजात तिसरं कडवं ऐकू येतं, कर्ण्यातून येतं तसं, फाटकं. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगितलं.

पुढे तंबू संपले. टीव्हीवर कधीमधी गाणं लागायचं, तेही खाली सरकणाऱ्या जाहिरातींसकट. तोवर काचबिंदूने आत्याची नजर जात चालली होती. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. शेवटची काही वर्षं ती गाणं नुसतं ऐकायची. यंदा संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, ती आमची शेवटची भेट. मोबाईलवर कुठूनसं ते गाणं मिळालं होतं, कुणीतरी छोटं करून टाकलेलं. मी लावलं. आत्या खाटेवर बसून मान हलवत ऐकत होती, आणि तिसऱ्या कडव्याशी एकदम तिची मान थांबली. गाणं तिथे कापलं होतं. मला कळायच्या आत तिला कळलं होतं. "पोरीला गाळलं गं," ती म्हणाली. मी गाणं बंद केलं. ती रागावली नाही, रडली नाही. अंधारात चाचपावं तसा तिने माझा हात चाचपला, मनगटावरून वर वर आली आणि कोपराशी थांबली. "हाच का?" म्हणाली. मी हो म्हटलं. हाच. तिने तो हाताच्या मुठीत धरून ठेवला, बाहेर अशोकची म्हैस ओरडायला लागेपर्यंत. जुना कोपर आता बाभळीच्या सालीसारखा झाला आहे, पण तिला चालला.

हे सगळं लिहायचं मनात नव्हतं. तेरावा झाला, मी घरी आले, कामाला लागले. पण गेल्या आठवड्यात भर दुपारी, भांडी घासून झाल्यावर, मोबाईल चाळताना तो चित्रपट समोर आला. अख्खा. कुण्या हौशी माणसाने चांगली प्रिंट मिळवून चढवलेला, काहीही न कापता, खालीवर कसलीही पट्टी नसलेला, गालावर रेघ नसलेला. मी गाण्यापाशी नेला. तिसरं कडवं आलं आणि मला भीती वाटली. आजवर कुसुम बघायची ती आत्याकडे. आता आत्या नाही, म्हणजे ती नजर माझ्यावर येणार. मला ते सोसवेना. मी डोळे खाली घेतले.

आणि खाली, भरावाच्या मातीवर, एक सावली होती.

मी अंगठ्याने चित्र थांबवलं. चष्मा पुसला. पोरींच्या पायांपर्यंत लांबत गेलेली, उतरत्या उन्हातली सावली. कॅमेऱ्याची नव्हे, कॅमेरामनने आपली सावली येणार नाही एवढी काळजी घेतली होती. ही त्याच्या बाजूने, घाईत, कुणाच्या लक्षात न येता आत आलेली. बाईची. डोक्यावर भाकरीची पाटी, पदर वाऱ्याने एका बाजूला गेलेला, आणि एक हात वर. त्या हाताची सावली कुसुमच्या पावलांवर पडली होती. तंबूत पुढच्यांच्या डोक्यांआड गेली असेल, टीव्हीत जाहिरातींखाली. आणि दिसली असती तरी बघणार कोण होतं? मी माझा कोपर बघायचे, आत्या पोरीचा चेहरा. साठ वर्षं ती स्वतः त्या चित्रात उभी होती आणि तिने एकदाही खाली बघितलं नाही.

मी हंबरडा फोडला. शेजारीण धावत आली, तिला काय सांगू? सकाळच्या पहिल्या गाडीने देवळालीला गेले. अशोक नुकताच रानातून आला होता. मी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि बोट ठेवून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आईच हाय. पाटी बघ की." आणि आत्याच्या खाटेवर बसला.

ती खोली त्यांनी अजून आवरलेली नाही. खाट तशीच, भिंतीला ती टेकायची तिथे तेलकट डाग तसाच. मी त्या डागासमोर उभी राहिले. घरात एवढी माणसं, आत्याची सून स्वयंपाकघरात, मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी मोठ्याने म्हणाले, "आत्या, तू आली हुतीस. घावलीस तू तिला."

काही झालं नाही. काय व्हायचं होतं? वर पंखा खडखडत होता. अशोक उठला, त्याने बटण दाबून तो पंखा बंद केला, आणि पाती पुरती थांबेपर्यंत वर बघत उभा राहिला.

"आता सांग," तो म्हणाला. "मघाशी आवाजात तिला आयकू आलं नसंल."